दिवसभराची पावसाळी टीएसडी रॅली, पहिलीच वेळ: वृत्तांत आणि काही प्रश्न

चाकोरी

नमस्कार मंडळी. गेल्या रविवारी नाशकात एका स्थानिक क्लबने भरवलेल्या टीएसडी रॅलीत पहिल्यांदा उतरलो. सकाळी गंगापूर रोडवरून सुटलो ते संध्याकाळी परत. गिरणारे, वाघेरा घाट, हरसूल, मोखाडा, खोडाळा, वैतरणा, घोटी असा फेरा, दोनशे किलोमीटरच्या आतबाहेर. पाऊस सुरुवातीलाच जो लागला तो वाडीवऱ्ह्यापर्यंत हटला नाही. इथे जुनेजाणते बरेच आहेत म्हणून सविस्तर लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: टीएसडी म्हणजे टाइम, स्पीड, डिस्टन्स. यात आधी पोहोचणारा जिंकत नाही. आयोजक रोडबुक देतात. त्यात प्रत्येक वळणाची छोटी आकृती, तिथपर्यंतचं अंतर, आणि या किलोमीटरपासून त्या किलोमीटरपर्यंत ताशी इतकी सरासरी ठेवा, अशी सूचना. वाटेत कुठेतरी, आधी न सांगता, मार्शल, म्हणजे आयोजकांची वेळ नोंदवणारी माणसं, घड्याळ लावून बसलेले असतात. तुम्ही तिथे ज्या सेकंदाला यायला हवं त्याच्या आधी आलात तरी दंड, नंतर आलात तरी दंड. आमच्याकडे लवकरचा दंड उशिराच्या दुप्पट होता. गाड्या एकेक मिनिटाने सोडतात, त्यामुळे पुढच्याच्या मागे मागे जाऊ म्हटलं तर त्याच्या चुका आपल्या खात्यात.

गाडी माझी रोजचीच, जुनी स्विफ्ट. शेजारी नॅव्हिगेटर म्हणून मामेबहीण. ती माझ्याहून मोठी, हिशोबाच्या कामात मुरलेली. ‘आकडे मी बघते, तू रस्ता बघ आणि तोंड बंद ठेव’ हा आमच्यातला करार.

आता पाऊस. मला वाटत होतं, पावसात गाडी चालवायला आपण काय नवीन आहोत का? इगतपुरीचा पाऊस खाऊनच मोठे झालो. आणि खरंच, गाडी चालवणं तेवढं जड गेलं नाही. जड गेली ती सरासरी. ताशी ३६ म्हणजे ऐकायला काहीच नाही. बुलेटवर दूध घालणारा माणूस त्याहून जोरात जातो. पण ३६ ची सरासरी राखायची म्हणजे वळणावर २० वर आलात की सरळ रस्त्यावर ५० ला जाऊन ते भरून काढायचं, आणि सरळ रस्ता कुठे आहे ते ढगात दिसत नाही. वाघेरा घाटात बॉनेटच्या पुढचं काही दिसत नव्हतं. पांढरा पट्टा अर्धा पुसलेला. मी डाव्या कडेच्या गवतावर नजर ठेवून चाललो होतो आणि ताई शांतपणे म्हणत होती, ‘अकरा सेकंद मागे. अकरा मागे. चौदा मागे.’

हरसूलच्या पुढे आवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस. चिखलणी करून ट्रॅक्टर एका वावरातून दुसऱ्या वावरात निघालेले, आणि त्यांच्या लोखंडी जाळीच्या चाकांनी डांबरावर चिखलाचे ढेपसे टाकलेले. लांबून ते सावलीसारखे दिसतात. पहिल्या ढेपशावर पुढची चाकं जराशी सुटली, स्टिअरिंग एकदम हलकं झालं, मग धरलं. त्यानंतर ट्रॅक्टर दिसला की पुढचा फर्लांगभर रस्ता मी संशयानेच बघत होतो.

मोखाड्याच्या अलीकडे गुरं. पाऊस लागला की गुरं डांबरावर येऊन उभी राहतात, त्यांना ते कोरडंसं वाटतं. राखणारी मावशी डोक्यावरून प्लास्टिकचा कागद घेऊन झाडाखाली उभी. हॉर्न वाजवून उपयोग नव्हता. तिने हात केला, म्हणाली, ‘थांबा, जातील.’ गेली. पाऊण मिनिट.

दुपारच्या थांब्यावर वरण-भात, पिठलं, आणि सगळ्यांच्या गाडीतून ओल्या बुटांचा वास. निकालात आम्ही मधोमध. नवख्यांमध्ये वरच्या बाजूला. पहिल्या आलेल्या जोडीची गाडी आमच्याहून जुनी होती, हे मुद्दाम नमूद करतो.

प्रश्न असे. पाऊस आणि ढगात फोनचं जीपीएस धरावं की गाडीचा मीटर? आमच्या दोन्हींत दिवसभर भांडण चाललं होतं. काचेवरची वाफ कशी आवरता? आणि टायरमध्ये हवा पावसात कमी ठेवावी असं एकाने सुरुवातीच्या रांगेत सांगितलं, ते खरं का? पुढेमागे ट्रॅकवरची एन्ड्युरन्स शर्यत, म्हणजे चालक बदलत तासन्‌तास चालते ती, करायची इच्छा आहे. त्यासाठी या रॅलीचा काही उपयोग होतो, की ते वेगळंच गाव?

रस्सा_जास्त

झकास लिहिलंय. आम्ही हा वृत्तांत कोंडाजी चिवड्याचा बकाणा भरून वाचला. पण नाशिकचा माणूस रविवारी सकाळी मिसळ सोडून गाडीत बसला, हीच खरी सहनशक्तीची परीक्षा.

मीटर_डाऊन

चाकोरी, अभिनंदन. पहिल्याच रॅलीत पाऊस मिळाला हे नशीब समजा. उन्हात शिकलेले पावसात पुन्हा पहिलीत बसतात.

मी बरीच वर्षं नॅव्हिगेटरच्या जागेवर बसलोय, म्हणून मीटरच्या भांडणाबद्दल बोलतो. आयोजकांनी रस्ता त्यांच्या गाडीने मोजलेला असतो. तुमची गाडी, तुमचे टायर, तुमची हवा, सगळं वेगळं. म्हणून सुरुवातीला मीटर जुळवायला रस्त्याचा एक मोजलेला तुकडा देतात. समजा त्यांचे १० किलोमीटर तुमच्या मीटरवर १०.२ दिसले. तर तुमचा गुणक १.०२. हा गुणक न लावता ३६ च्या सरासरीने ५० किलोमीटर गेलात, तर त्यांच्या ५० वर तुमचा मीटर ५१ दाखवतो, आणि तुम्ही १०० सेकंद उशिरा पोहोचता. गाडी एकदाही न चुकता.

पावसात याच्यावर आणखी एक भानगड. बहुतेक छोट्या गाड्या पुढच्या चाकांवर चालतात. चिखलात पुढचं चाक जागच्या जागी फिरलं की मीटर पुढे जातो, गाडी जात नाही. तुमच्या ढेपशावर नेमकं तेच झालं असणार, थोडंसं. म्हणून पक्के लोक वेगळा ट्रिपमीटर, म्हणजे अंतर मोजायचं यंत्र, लावतात आणि त्याचा सेन्सर मागच्या चाकाला, म्हणजे जे चाक ओढत नाही त्याला. ते फक्त गाडी जेवढी गेली तेवढंच फिरतं.

फोनचं जीपीएस घाटात नागमोडी वळणं कापून सरळ रेघ मारतं, विशेषतः एका बाजूला कडा असेल तिथे. त्यामुळे ते कमी दाखवतं. म्हणून उघड्या माळावर जीपीएस, घाटात मीटर, आणि रोडबुकातल्या प्रत्येक पक्क्या खुणेवर, म्हणजे पूल, शाळा, तिठा, दोन्ही पुन्हा जुळवून घ्यायचे. खूण आली आणि जुळवलं नाही, तर पुढची खूण येईपर्यंत चूक वाढत जाते.

गुरांचं गणित सोपं आहे. ३६ ला एका किलोमीटरला १०० सेकंद. ४५ ला ८०. म्हणजे ४५ ने गेलात तर दर किलोमीटरला २० सेकंद कमावता. पाऊण मिनिट भरून काढायला सव्वादोन किलोमीटर पुरतात. नवखे काय करतात? गुरं गेली की ७० ला पळतात, पुढच्या वळणावर मार्शल दिसतो, आणि कचकन ब्रेक. मार्शल दिसल्यावर थांबणं किंवा रेंगाळणं बऱ्याच ठिकाणी नियमात बसत नाही.

जमाखर्च

मी ती मामेबहीण. याने लिंक पाठवली म्हणून खातं उघडलं.

आधी एक दुरुस्ती: ‘तोंड बंद ठेव’ असं मी म्हटलं नव्हतं. ‘गाणी बंद ठेव’ म्हटलं होतं.

मीटर_डाऊन यांचं १००-८० चं गणित मी आदल्या रात्री खतावणीच्या जाड कागदावर मांडून नेलं होतं: ताशी २४ ला किलोमीटरला १५० सेकंद, ३० ला १२०, ३६ ला १००, ४० ला ९०, ४५ ला ८०. गाडीत बसून भागाकार करायचा नाही. कागद मांडीवर, त्यावर पेन्सिल. बॉलपेन दमट कागदावर चालतच नाही. शेजारच्या गाडीतल्या मुलीचं पेन गिरणाऱ्यातच बसलं, तिला मी माझी दुसरी पेन्सिल दिली. रोडबुकाचं पान उलटताना खिडकी खाली असेल तर पान गेलंच म्हणून समजा. मी पानं क्लिपबोर्डला लावून वर स्वयंपाकघरातली पारदर्शक पिशवी चढवली होती. ती काढून लिहायचं आणि पुन्हा चढवायची. दिवसभर हाच उद्योग.

सांगायचं कसं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटलं. ‘जरा वाढव’, ‘आता हळू’ असं म्हटलं की चालवणारा आपल्या मनाने कमीजास्त करतो. मी फक्त आकडा सांगत होते, मागे किंवा पुढे. दर अर्ध्या किलोमीटरला. त्याने काय करायचं ते त्याने ठरवायचं. घाटात ढग असताना मी ‘चौदा मागे’ म्हटलं तेव्हा हा वेग वाढवेल अशी भीती मला वाटली होती. वाढवला नाही. चौदा सेकंदांचा दंड सोसला.

आणि मळमळ. त्याबद्दल कुणीच लिहीत नाही. ढगाळ घाटात खाली कागदात बघून आकडे लिहायचे, वर बघितलं तर पांढरं. वाघेऱ्याच्या तिसऱ्या वळणानंतर मला घाम फुटला. आलेपाक तोंडात धरला आणि दर आकड्यानंतर एकदा मान वर करून लांब बघायचं ठरवलं. लांब काही दिसत नव्हतं, तरी फरक पडला.

सातपूरकर

ताईंच्या प्रतिसादाला +१. पारदर्शक पिशवीची आयडिया ढापणार.

माझं छोटं गॅरेज आहे, त्यामुळे टायरचं मी बोलतो. पावसात हवा कमी करा असं सांगणारा माणूस बहुधा चिखलातल्या ऑफरोडिंगवाला असेल. तिथे खरं आहे, चाक पसरतं, पकड मिळते. डांबरावर साचलेल्या पाण्यात उलटं. टायर पाण्यावर तरंगायला लागतो तो वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाशी बांधलेला असतो. नासाच्या लोकांनी १९६३ साली विमानांच्या टायरवरून हे सूत्र काढलं. त्या हिशोबाने ३३ पीएसआयला साधारण ताशी ९५ किलोमीटर, २५ पीएसआयला ८३. पाणी टायरच्या नक्षीपेक्षा, म्हणजे खाचांपेक्षा, खोल असेल तेव्हाचा हा हिशोब. म्हणजे हवा कमी केलीत तर तुम्ही आधी तरंगणार.

पण खरी गंमत पुढे आहे. टीएसडीत तुम्ही ३६-४० ने जाता, तिथे तरंगण्याचा धोका जवळपास नाही. धोका कुठे? संपल्यावर. घोटीला हायवेला लागलात, दिवसभर कोंडून चालवलेलं, निकाल काय लागेल याची घाई, आणि मुंबई–आग्रा हायवेच्या डाव्या लेनमध्ये पाण्याची पट्टी. तिथे नव्वद-शंभर. माझ्याकडे रॅलीनंतर गाड्या ठोकून येतात त्या घाटातल्या क्वचित. परतीच्या रस्त्यावरच्या जास्त.

नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की कायद्याने टायर बाद. मी मात्र पावसाळ्यासाठी ३ च्या खाली गेलेला टायर ठेवूच देत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, अजून वर्षभर चालेल. चालेल हो, उन्हात.

काचेची वाफ: एसी चालू, वारा काचेवर, आणि आतली हवा फिरवायचं बटण बंद, म्हणजे बाहेरची हवा आत येईल. गरम करायची गरज नाही, एसी हवेतला ओलावा काढतो. दोन माणसं, ओले कपडे, बंद काचा, आणि आतलीच हवा फिरतेय, मग वाफ धरणारच. काच आतून आधी शाम्पूच्या पाण्याने आणि वर्तमानपत्राने पुसून ठेवा. तेलकट काच लवकर धरते. बाहेरच्या बाजूला वायपर बंद पडला तर ट्रकवाले तंबाखू ओली करून काचेवर चोळतात, पाणी थेंबांत न थांबता सपाट उतरतं. हसू नका, कसाऱ्याला एकदा मी स्वतः केलंय.

आणि शेवटचं, ओढ्याचं पाणी. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल आणि गाडी मध्ये बंद पडली तर परत चावी मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असेल तर पिस्टनला ते दाबता येत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिनाचं वेगळं संरक्षण घेतलेलं नसेल तर विमा कंपन्या सहसा हे धरत नाहीत. ढकलून बाहेर काढा, मग फोन करा. पाण्यातून पार झालात तर पुढे पन्नासेक मीटर डावा पाय ब्रेकवर हलका टेकवून चालवा, डिस्क सुकतात.

तळ्यात_मळ्यात

सगळ्यांचं कौतुक चाललंय, मी जरा वेगळं बोलतो. माझं आजोळ मोखाड्याच्या बाजूचं. आवणीच्या दिवसांत त्या रस्त्यावर माणसं पाठीवर रोपांच्या मुडी घेऊन चालत असतात. चाळीस-पन्नास गाड्या एका मिनिटाने एक अशा ओळीने गेल्या, की प्रत्येक गाडीचं पाणी त्यांच्या अंगावर. ३६ ची सरासरी म्हणजे काही नाही असं धागाकर्ते म्हणतात, आणि पुढच्याच वाक्यात सरळ रस्त्यावर ५० ला जातात. हा सार्वजनिक रस्ता आहे. शर्यत करायची तर ट्रॅकवर करा ना. शिवाय पोटासाठी राबणाऱ्याच्या रस्त्यावर पेट्रोल जाळत हौस करायची, हे मला पटत नाही.

मीटर_डाऊन

पाण्याचं बोलणं बरोबर आहे, ते मान्य. बाकीचं थोडं बघू. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ आहे: राज्य शासनाच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी करता येत नाही. टीएसडी मुळातच अशी आखतात की सरासरी वेगमर्यादेच्या बरीच खाली राहते आणि लवकर येणाऱ्याला जास्त दंड होतो. वेगाची रॅली, म्हणजे रस्ता पूर्ण बंद करून, हेल्मेट, रोलकेज (गाडीच्या आतला लोखंडी पिंजरा) लावून करतात ती, हा वेगळा प्रकार. नाशकात रॅली ऑफ महाराष्ट्र व्हायची, राष्ट्रीय मालिकेतली फेरी, ती त्या प्रकारची. दोन्ही एकाच पिशवीत घालू नका.

पण एक गोष्ट नवख्यांना कुणी सांगत नाही म्हणून इथेच लिहितो. आपल्या खासगी गाडीच्या पॉलिसीत ‘वापराची मर्यादा’ असं एक कलम असतं. त्यात संघटित शर्यत, पेस मेकिंग (दुसऱ्या गाडीला वेग लावून देणं), विश्वासार्हता चाचणी आणि वेगचाचणी यांसाठी गाडी वापरली तर संरक्षण नाही असं लिहिलेलं असतं. टीएसडी ही विश्वासार्हता चाचणी की नुसती सहल, यावर विमावाला तुमच्या बाजूने वाद घालेल अशा भ्रमात राहू नका. आयोजकांनी कार्यक्रमाचा वेगळा विमा काढलाय का आणि त्यात तुमच्या गाडीचं नुकसान धरलंय की फक्त तिऱ्हाइताचं, हे प्रवेश अर्ज भरण्याआधी विचारा. लेखी.

चाकोरी

तळ्यात_मळ्यात, पाण्याबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे आणि आयोजकांनी सकाळच्या सूचनांत ते सांगितलंही होतं: माणूस चालताना दिसला की वीसच्या खाली, दंड बसला तरी चालेल. सगळ्यांनी पाळलं का? नाही. एका एसयूव्हीने खोडाळ्याच्या अलीकडे शाळकरी पोरांवर असं पाणी उडवलं की आम्हीच मागे थांबून माफी मागितली. असल्या गाडीला थेट बाद करायला हवं, दंडाचे सेकंद पुरेसे नाहीत, असं माझं मत आहे आणि ते मी क्लबला कळवणार आहे. पेट्रोलचं म्हणाल तर शनिवारी अर्धं नाशिक भंडारदऱ्याला धबधबे बघायला जातं, त्यांचं काय करायचं?

विम्याचं मात्र मला ठाऊकच नव्हतं. पॉलिसी काढून वाचली. कलम आहे.

कॉलेजरोडी_चेन्नई

मूळचा नाशिकचा, नोकरीमुळे चेन्नईत, म्हणून ट्रॅकच्या प्रश्नाला मी उत्तर देतो. श्रीपेरुंबुदूरजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर, मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा, ३.७१७ किलोमीटरचा, मित्रांनी मिळून एक गाडी भाड्याने घेऊन क्लब पातळीवरची एन्ड्युरन्स शर्यत केली होती. आणि बरोबर त्या दिवशी पाऊस. इकडे पाऊस उलटा, आपल्याकडे उघडतो तेव्हा इथे ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो. आणि मोटरस्पोर्टचा हंगाम थेट त्याच्या तोंडात.

रॅलीचा उपयोग होतो का? होतो, पण तुम्हाला वाटतं त्या ठिकाणी नाही. पावसाळी ट्रॅकवर तुम्हाला आधी शिकलेलं सोडावं लागतं. कोरड्यात सगळे जिथून वळतात त्या पट्ट्यावर टायरचं रबर बसलेलं असतं, तिथे पकड जास्त. पाऊस पडला की तोच पट्टा गुळगुळीत, साबण लावल्यासारखा. मग पकड शोधायला बाहेरच्या, खरबरीत डांबरावर जायचं. वळणाच्या आत शिरण्याऐवजी मोठा वळसा घालायचा. पहिल्या काही फेऱ्यांत मला हे पटतच नव्हतं. डोळ्यांना लांबचा रस्ता दिसतो, घड्याळाला जवळचा. ट्रॅक सुकायला लागला की हा हिशोब पुन्हा उलटतो, आणि तो कधी उलटला हे तुमच्या पुढच्या गाडीच्या चाकामागे उडणारं पाणी बघून ओळखायचं. पाण्याचा पडदा उडतोय तोवर बाहेर, नुसता तुषार उडायला लागला की आत.

रॅलीतला जो भाग कामाला येतो तो म्हणजे तुमच्या ताईंचे आकडे. एन्ड्युरन्समध्ये पिटवरून, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या संघाच्या थांब्यावरून, तुम्हाला फेरीची वेळ सांगतात, आणि काम असतं तीच वेळ परत परत काढायची. सगळ्यात जलद फेरी कुणाची याला कुणी विचारत नाही. आमच्यातल्या सगळ्यात जलद पोराने गाडी दोनदा गवतात घातली, आणि मागून शांत चालवणाऱ्या दोघांनी ती शर्यत संपवली.

चालक बदलणं हा एक स्वतंत्र तमाशा. उतरणारा बेल्ट सैल करून देतो, बसणाऱ्याचे घट्ट करतो, दार लावतो. कोरड्यात आम्ही हे पाठ केलं होतं. पावसात हातमोजे ओले, बकल सापडत नाही, बसणाऱ्याचे बूट पिटमध्ये भिजलेले, आणि ओला बूट ब्रेकवरून घसरतो. कुणीतरी पिटच्या भिंतीपाशी कोरडं फडकं धरून उभं राहायचं, चालकाने आत पाय घालण्याआधी तळवे पुसायचे. एवढ्या एका कामासाठी आम्ही एक मित्र नेला होता. हेल्मेटच्या काचेला आतून वाफ धरते, त्यावर सातपूरकरांचं शाम्पू इथेही चालतं.

आणि थांबणं शिका. फ्रान्समधल्या ले मान्सची पहिली २४ तासांची शर्यत १९२३ च्या मे महिन्यात झाली तीही पावसात सुरू झाली होती. लागाश आणि लेओनार या जोडीने चोवीस तासांत २२०९ किलोमीटर काढले. एकशे एक वर्षांनंतर, २०२४ मध्ये, तिथेच रात्रीच्या पावसात सगळ्या गाड्या चार तासांहून जास्त सेफ्टी कारमागे, म्हणजे धोका असताना सगळ्यांना हळू चालवणाऱ्या आयोजकांच्या गाडीमागे, फिरत राहिल्या. जगातले सगळ्यात भारी चालक, रांगेत. त्या वेळी टायर थंड होतात, डोळे मिटायला लागतात, आणि सेफ्टी कार गेली की लगेच पहिल्या वळणावर कुणीतरी सुटतं. चाकोरी, तुमच्या गुरांपुढच्या पाऊण मिनिटाला कमी लेखू नका.

ट्रॅकवर उतरायला एफएमएससीआयचा, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्ट क्लबांच्या महासंघाचा, स्पर्धा परवाना लागतो, त्यासाठी वैद्यकीय तपासणी. आधी कुठल्यातरी चालक प्रशिक्षण शिबिरात जा, तेही जमल्यास पावसाचं.

जुना_आग्रा_रोड

अवांतर, पण राहवत नाही. १९६८ मध्ये लंडन ते सिडनी मॅरेथॉन झाली होती. दिल्लीहून आग्रा, इंदूर करत गाड्या मुंबईला आल्या आणि तिथून जहाजाने ऑस्ट्रेलियाला. इंदूरहून मुंबईचा रस्ता म्हणजे आपला आग्रा रोडच. माझे आजोबा तेव्हा आडगाव नाक्यावर चहाचं दुकान चालवायचे. ते सांगायचे की लोक रात्रभर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे होते, आणि गाड्या दिसायच्या आधी दिव्यांचा झोत दिसायचा. शेवटी जिंकली हिलमन हंटर, अँड्र्यू कोवनची. अगदी शेवटच्या टप्प्यापर्यंत पुढे असलेली सित्रोएन समोरून आलेल्या गाडीला धडकली. आजोबांना जिंकणाऱ्यापेक्षा त्या धडकलेल्याचं जास्त वाईट वाटायचं.

रस्सा_जास्त

आजोबांचं दुकान अजून आहे का? चहाची सोय असेल तर पुढच्या रॅलीचा टाइम कंट्रोल, म्हणजे वेळ नोंदवायचा थांबा, तिथे ठेवायला सांगू.

जुना_आग्रा_रोड

उड्डाणपुलाच्या कामात गेलं.

तळ्यात_मळ्यात

मीटर_डाऊन, कलमाची माहिती दिलीत, धन्यवाद. मत बदललं असं नाही. पण क्लबला चाकोरी जे पत्र लिहिणार आहेत त्यात एक मुद्दा घाला: आवणी संपल्यावर घ्या. पाऊस तेव्हाही असतो, रस्त्यावर माणसं कमी असतात. फक्त त्र्यंबकची बाजू टाळा, श्रावणी सोमवारच्या आसपास तर अजिबातच नको, ब्रह्मगिरीच्या फेरीला आलेल्या माणसांच्या गर्दीत तुमचे मार्शल कुठे उभे राहणार?

चाकोरी

घालतो. तारखेचा मुद्दा मलाही पटतो. सातपूरकर, पुढच्या आठवड्यात टायर दाखवायला येतो, मागचे दोन बहुतेक तुमच्या ३ मिलिमीटरच्या खाली असतील. कॉलेजरोडी, शिबिराबद्दल व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

जमाखर्च

आणि ट्रॅकवरच्या शर्यतीत नॅव्हिगेटर नसतो, हे मी वाचलं. तेव्हा त्या खर्चात माझा वाटा धरू नकोस. पुढच्या टीएसडीला येईन, माझ्या अटी अशा: मागच्या चाकाला सेन्सर लावून ट्रिपमीटर घ्यायचा, आलेपाक तू आणायचास, आणि परतीला घोटीहून गाडी मी चालवणार. तू त्या हायवेवर एकोणनव्वदला होतास, मी आकडा लिहून ठेवलाय.